रिकामं धरलेलं आभाळ

गुरुवारी निवड समितीने मान डोलावली असती तर त्याच्या पदरात काय पडणार होतं, ते सांगायला फार वेळ लागत नाही. दारावर नावाची पाटी, आणि तीही स्क्रूने बसवलेली. नऊ वर्षं ती चिकटपट्टीच्या भरवशावर होती आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा खाली पडायची. दर तीन वर्षांनी आपण अजून कशाला उपयोगी आहोत हे दोन पानांत लिहून द्यावं लागे, त्यातून सुटका. जमलं तर खिडकीकडची खोली. आणि वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पाच गावं आणि पाच घरं बदलून झाल्यावर, या सहाव्या घराच्या भिंतीत खिळा ठोकायची मोकळीक. बायकोला यातलं शेवटचं तेवढं हवं होतं. पाटी स्क्रूची की चिकटपट्टीची याच्याशी तिला काही कर्तव्य नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची, दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाने तिला भागीदारी देऊ केली होती, आणि ती गेले दोन महिने त्याला ‘बघू, यांचं ठरू दे’ म्हणत होती. आता समितीने नाही म्हटलं तर काय काय जाईल, हे मात्र त्याने मांडलं नव्हतं. आयुष्यभर मोजमाप करणाऱ्या माणसांची ही एक खोड असते. जे दिसतं ते दशांशापर्यंत मोजतील, आणि दिसत नाही ते शून्य धरून मोकळे होतील.

समितीपुढे ठेवायला त्याच्याकडे भांडवल एकच होतं, आणि तिचं नाव कोरडी. कोरडी ही बाई नव्हे, दीर्घिका. आपल्या शेजारची, म्हणजे प्रकाशाला यायला सव्वादोन कोटी वर्षं लागतात इतक्या शेजारची, आणि आकाराने अगदीच किरकोळ. अशा छोट्या, धातू कमी असलेल्या दीर्घिकांमध्ये वायू किती शिल्लक आहे हे मोजणं हा त्याचा धंदा. धातू म्हणजे काय हे त्याने लग्नानंतर बायकोला समजावून सांगितलं होतं: हायड्रोजन आणि हेलियम सोडून जगात जे जे काही आहे त्या सगळ्याला आमच्यात धातूच म्हणतात, ऑक्सिजनलासुद्धा. म्हणजे मी इथे बसून धातू ओढतेय, असं तिने विचारलं होतं. तो हो म्हणाल्यावर ती म्हणाली होती, मग डॉक्टर मला लोहाच्या गोळ्या कशाला देतात. तर, ज्या दीर्घिकेत धातू कमी तिने तारे फारसे शिजवलेले नाहीत, म्हणजे कच्चा माल, वायू, भरपूर पडून असायला हवा. कोरडीत तारे निळे, कोवळे, कालपरवा जन्मलेले, आणि वायूचा मात्र पत्ता नाही. चूल ढणढणा पेटलेली आणि घरात काटकी नाही, असा प्रकार. हे त्याने आठ वर्षांपूर्वी मोजलं. सरांनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, त्यावर आठ वर्षं जगभर भाषणं दिली. त्याच्या वाट्याला पेपरावरचं पहिलं नाव आणि एक टोपणनाव आलं. वर्णपटाच्या वेड्यावाकड्या रेषा सरळ करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून सगळे त्याला ‘इस्त्रीवाले’ म्हणत.

सोमवारी दुपारी बाराच्या सुमाराला त्याला फक्त एक चित्र हवं होतं. समितीतले निम्मे लोक दुसऱ्या विषयांतले असतात, त्यांना आकड्यांपेक्षा चित्र पटतं. दूरच्या कुठल्याशा वाळवंटात रेडिओ दुर्बिणीच्या छत्तीस तबकड्या एकत्र जोडून काही लोकांनी आभाळाचा नवा नकाशा केला होता, आणि तो आठवड्यापूर्वीच सगळ्यांसाठी खुला झाला होता. त्यातून कोरडीचा तुकडा कापून, रंग देऊन, मधोमध ठेवायचा, एवढंच काम. तुकडा उघडला. कोरडीच्या जागी ठिपका होता. आधी त्याला वाटलं, आपण पत्ता चुकीचा दिला. पुन्हा दिला. ठिपका तिथेच होता, चांगला टपोरा, वायूने भरलेला. आणि उजवीकडे, दोन बोटांवर, दुसरा ठिपका. साध्या दुर्बिणींच्या फोटोंमध्ये ज्या जागी काळोखाशिवाय काही नाही अशा जागी, जवळजवळ तेवढाच, जवळजवळ त्याच वेगाने पळणारा. त्याने चष्मा काढून पुसला. बायकोने बसवलेली काच, तिच्यात दोष असायचं कारण नव्हतं. मग खुर्चीवरून न उठताच हात लांब करून त्याने खालच्या कप्प्यातली आठ वर्षांपूर्वीची नोंदवही काढली, आणि पान उघडायच्या आधीच त्याला माहीत होतं तिथे काय लिहिलेलं असणार. दुसऱ्या ठिपक्याच्या जागेसमोर त्याच्याच अक्षरात ‘रिकामं’ असं लिहिलेलं होतं.

या धंद्याची रीत अशी. आभाळातून येणारी कुजबुज इतकी बारीक असते की यंत्राची स्वतःची खरखर, जमिनीची ऊब, केबलमधली गुणगुण हे सगळं तिच्याहून हजारपट मोठं असतं. म्हणून पाच मिनिटं दीर्घिकेकडे बघायचं, मग पाच मिनिटं शेजारच्या रिकाम्या आभाळाकडे बघायचं, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. खरखर दोन्हीकडे सारखी, ती कटून जाते. उरतं ते दीर्घिकेचं. सगळी मदार त्या रिकाम्या जागेवर. ती खरोखर रिकामी हवी. कोरडीच्या शेजारची जागा रिकामी नव्हती. तिथे आणखी एक होती, ताऱ्यांच्या बाबतीत इतकी कंजूष की फोटोत उमटलीच नव्हती, पण वायूने मात्र तुडुंब. तो कोरडीचा वायू मोजत होता आणि शेजारणीचा तितकाच वायू त्यातून वजा करत होता. आणि त्याने हे एकदा नव्हे, चार खेपांना केलं, कारण शिस्त म्हणून चारही वेळा रिकामी जागा तीच ठेवली होती. वजाबाकी होऊन अगदीच काही उरलं नव्हतं असंही नाही. दोघींच्या वेगात किंचित फरक असल्यामुळे रेषेवर एक बारीकसा उंचवटा आणि त्याला लागून एक खळगा राहिला होता. ते त्याला आजही आठवत होतं. तबकडीच्या खांबांवरून रेडिओलहरी परततात तेव्हा रेषेवर असलं काहीतरी उमटतंच, म्हणून त्याने ते इस्त्रीखाली घेतलं होतं. सुरकुती मोडायला पाच मिनिटं लागली असतील.

जिन्यावरून उतरताना त्याने आपण घाबरलो आहोत का हे तपासून पाहिलं. भीती नव्हती. गुडघ्यांच्या मागच्या बाजूला एक जुना शीण होता, लांबच्या प्रवासात सामान पायांशी ठेवून बसल्यावर येतो तसा. उपाहारगृहात त्याने चहा घेतला आणि तो गार होईपर्यंत कपाच्या कानाकडे बघत बसला. आठ वर्षांपूर्वीचा तो आठवडा आता आपोआप वर येत होता. त्यांना या गावात येऊन काही महिनेच झाले होते. घरात पेट्या अजून तशाच होत्या. दुर्बिणीच्या नियंत्रण कक्षात तो रिकामी जागा निवडत बसला होता आणि बायकोचा फोन आला होता, की जेवणाचं टेबल दारातून आत जात नाही, पाय कापायचे का. तो म्हणाला होता, तू बघ. आणि बोलता बोलता फोटोवरच्या त्या काळ्या चौकोनावर एक नजर टाकून त्याने ‘रिकामं’ लिहिलं होतं. चूक फोनमुळे झाली असं म्हणायची सोय होती. त्याने ती करून पाहिली आणि सोडून दिली. फोन आला नसता तरी त्याने तेच लिहिलं असतं, कारण फोटोत खरोखरच काही नव्हतं. टेबलाचे पाय बायकोने कापलेच. पुढे आठ वर्षं ते जरा बुटक्या टेबलावर जेवत होते. आपण जेवताना वाकतो हे त्याच्या आता, चहा गार झाल्यावर, ध्यानात आलं. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, काय इस्त्रीवाले, गुरुवारची घडी तयार का. त्याने मान हलवली. अशा वेळी मान आपोआप हलते, माणसाला विचारत नाही.

मंगळवारी सकाळी त्याने सरांना दोन्ही ठिपके दाखवले. सरांचं वय सत्तरीकडे झुकलेलं, कानात यंत्र, आणि ते यंत्र नेमकं केव्हा बंद करायचं याचं त्यांना उत्तम भान. ते स्क्रीनकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. त्याला हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, दुसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं, हिच्यात धातू आणखी कमी असणार, आजवर कुणी मोजले त्याहून कमी, असं काहीबाही पुटपुटले. कोरडीबद्दल ते बोललेच नाहीत. मेलेल्या जावयाबद्दल बोलत नाहीत तसं. शेवटी त्यानेच विषय काढला, की आपला आठ वर्षांपूर्वीचा निकाल चूक आहे आणि हे गुरुवारी सांगावं लागेल.

“तू याला चूक म्हणतोस, मी शोध म्हणतो,” सर म्हणाले. “पहिला शब्द कोण उच्चारतो यावर असतं सगळं. गुरुवारी झाकली मूठ राहू दे. तीन महिन्यांनी उघडू, सव्वा लाखाचीच निघेल.”

“आणि कोरडी, सर?”

“तिला तळटीप देऊ. छोट्या अक्षरात. आठ वर्षं राबली बिचारी, तिला विश्रांती हवीच आहे.” मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात खरोखर मायेचा होता, आणि हीच मोठी अडचण होती. तुझी जागा मी नऊ वर्षं मागतोय, ते म्हणाले. या खेपेला नाही मिळाली तर पुन्हा मागायला मी इथे नसेन. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. खोलीबाहेर पडताना त्याने हिशोब केला: गप्प राहिलं तर आभाळातलं काही बिघडत नाही. दोन्ही दीर्घिका आपापल्या जागी, आपापला वायू सांभाळून. तीन महिन्यांनी खरं काय ते छापून येणारच. म्हणजे खोटं बोलायचं आहे ते फक्त तीन महिने, समितीतल्या चार माणसांशी, आणि तेही न बोलता. इतकं स्वस्त खोटं कुणाच्या वाट्याला येतं. तरीही कुठेतरी एक उंचवटा आणि त्याला लागून एक खळगा राहत होता, आणि तो कशाचा हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

शंकाबाईंचा. त्यांचं हे नावही इथलंच. कुठल्याही बैठकीत ‘मला एक शंका आहे’ म्हणून सुरुवात करायच्या, म्हणून. सहा वर्षांपूर्वी त्यांनी दुसऱ्या एका लहान तबकडीवरून कोरडीकडे बघितलं होतं. त्यांची पद्धत वेगळी होती. रिकामी जागा एकच न धरता त्या दर वेळी निराळी धरत, कधी डावीकडे, कधी वर, कधी खाली. अशाने रेषा जास्त खरखरीत येते, पण त्या खरखरीतून त्यांना कोरडीच्या जागी एक टेकडी दिसली होती. त्यांनी पेपर लिहिला. तो तपासायला गुप्तपणे कुणाकडे तरी गेला. त्या कुणीतरी दोन पानांत लिहिलं, की तळरेषा नीट सपाट केलेली नसल्यामुळे हा भास झालेला दिसतो, लेखिकेने आधी हे तंत्र शिकून घ्यावं. पेपर परत आला. त्याच वर्षी त्यांचा करार संपत होता. छापलेलं काही नसल्यामुळे तो वाढला नाही. निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, याच्याशीही. हात थंड होता, बस. आता त्या मुलींच्या एका शाळेत गणित शिकवतात एवढं त्याला माहीत होतं. ती दोन पानं त्याची होती. लिहिताना त्याच्या मनात काहीही वाईट नव्हतं, हे तो शपथेवर सांगू शकला असता. लेखिकेने शिकून घ्यावं हे वाक्य तर त्याला त्या वेळी चांगलंच आपुलकीचं वाटलं होतं.

संध्याकाळी सहाला तो दुकानात गेला. एरवी जात नसे. बायको आतल्या अंधाऱ्या खोलीत शेवटच्या गिऱ्हाइकाला तपासत होती, आणि पडद्याआडून तिचा कामाचा आवाज येत होता, घरच्यापेक्षा जरा खालच्या पट्टीतला आणि फार धीराचा. हे बरं की ते? पहिलं की दुसरं? सारखंच वाटतंय? मग सारखंच म्हणा, घाई नाही. गिऱ्हाईक गोंधळलं की ती मागे जायची आणि पुन्हा पहिल्या काचेपासून सुरुवात करायची. ‘सांगितलं ना एकदा’ असं ती म्हणायची नाही, आणि त्याला वाटलं की हा धीर ती दिवसभर इथे खर्च करते म्हणून घरी शिल्लक राहत नाही. मग वाटलं, घरी तिला कधी कुणी काही विचारलंय. बाहेर मालक काउंटरमागे पेंगत होता. त्याने डोळे किलकिले करून याला ओळखलं, आणि तुमच्या बाई म्हणजे दुकानाचा डोळा आहेत, असं काहीसं म्हणाला. मालकाला आणखी खूप बोलायचं होतं, पण तेवढ्यात ती हात पुसत बाहेर आली.

घरी चालत जाताना त्याने तिला सगळं सांगितलं. ठिपके, वजाबाकी, सरांची मूठ, आणि शंकाबाईंची ती दोन पानं, जी त्याने सहा वर्षं तिच्यापासूनही झाकून ठेवली होती. ती ऐकत होती. रस्ता ओलांडताना तिने एकदा त्याचं कोपर धरून त्याला मागे खेचलं, कारण तो समोर न बघता चालला होता.

“नाही सांगितलंस तर कुणाचं काय जातं?” तिने विचारलं.

“कुणाचं काही नाही.”

“आणि सांगितलंस तर?”

किराणा दुकानासमोर ती थांबली, पिशवीत काय आहे ते बघितलं, साबण नाही म्हणाली, आत जाऊन घेऊन आली.

“तुझं ठरलंय,” ती म्हणाली. “दुकानापर्यंत चालत आलास ना, तेव्हाच. माझी सही कशाला हवी तुला?”

सही नकोय, तो म्हणाला, पण मग घराचं. तिने साबण पिशवीत ठेवला आणि म्हणाली, घराचं काय ते घर बघेल. यापलीकडे त्या संध्याकाळी दोघं त्यावर बोलले नाहीत. जेवताना तो ताठ बसायचा प्रयत्न करत होता.

बुधवारी मधल्या सुट्टीच्या वेळी त्याने शाळेत फोन लावला. शिक्षकांच्या खोलीतला गलका आधी आला, मग शंकाबाईंचा आवाज. आवाज बदललेला नव्हता, फक्त जरा मोठा झाला होता, चाळीस मुलींच्या वर न्यावा लागतो तितका. त्याने पाठ केलेली दोन वाक्यं विसरून सरळ सांगितलं, की कोरडीत वायू आहे. पलीकडे गलका चालू राहिला. त्यांनी कुणाला तरी हळू बोलायला सांगितलं.

“किती आला?” त्यांनी विचारलं.

“दोन कोटी सूर्यांएवढा. तू एक कोटी ऐंशी लाख म्हणाली होतीस.”

“मी जरा कमीच धरला होता,” त्या म्हणाल्या. “दोन आले होते. भीती वाटली, म्हणून कमी केले.”

त्या हसल्या असाव्यात. त्याला नीट ऐकू आलं नाही. मग त्याने ते सांगितलं, की तो पेपर तपासायला त्याच्याकडे आला होता. त्या म्हणाल्या, ते मला तेव्हाच कळलं होतं. दर पूर्णविरामानंतर दोन मोकळ्या जागा सोडणारा माणूस आपल्या धंद्यात एकच आहे. त्यात राग नव्हता. गणिताच्या वहीत चूक दाखवताना असतो तसला आवाज. त्याला राग हवा होता, हे त्याला त्या क्षणी कळलं. राग म्हणजे निदान काहीतरी येणं बाकी आहे असा अर्थ होतो. उद्या समितीला सांगणार आहे, तुझं नाव घेणार आहे, तो म्हणाला. नाव घेऊन काय होतं, त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. सहा वर्षांत माझं गणित चांगलं झालंय, त्या म्हणाल्या, आता मला एका ओळीत भागाकार शिकवता येतो. मग घंटा झाली. तुम्ही केलंत फोन ते बरं केलंत असं म्हणून त्यांनी ठेवला. तो कानाशी रिकामा फोन धरून बसला होता तेव्हा दारावरची पाटी पडली. उचलून लावावी असं त्याला वाटलं नाही.

गुरुवारी समितीत पाच माणसं होती, सर धरून. त्याने मूळ रेषा दाखवली, इस्त्री न केलेली, तो उंचवटा आणि तो खळगा यांच्यासकट, मग नकाशा, मग शंकाबाईंची टेकडी, त्यांच्या नावासकट. आणि टेकडी कुणी पाडली तेही. सरांनी कानातलं यंत्र बंद केलं नाही, याची त्याने मनात नोंद घेतली. समितीत धरणांवर काम करणारा एक इंजिनिअर होता, त्याने विचारलं, म्हणजे आठ वर्षं तुम्ही त्या जागेकडे बघितलंच नाही?

“बघितलं ना,” तो म्हणाला. “कोरडीकडे जितकं बघितलं तितकंच बघितलं, मिनिटाला मिनिट. फक्त वजा करायचं म्हणून बघितलं.”

मग सगळे एकदम बोलले, आणि सगळे चांगलंच बोलले. इतका प्रामाणिकपणा अलीकडे पाहायला मिळत नाही, असं धरणवाल्याने दोनदा म्हटलं. बाहेर सोडताना सगळ्यांनीच त्याचा हात जरा जास्तच वेळ हातात ठेवला, आणि तेव्हाच त्याला निकाल समजला. मयताच्या नातेवाइकांचा हात तितका वेळ धरतात. पत्र शुक्रवारी आलं. जागा तूर्त भरायची नाही असं ठरलं होतं, आणि चालू करार ऑगस्टअखेर संपत होता.

घरी येऊन त्याने पत्र टेबलावर ठेवलं आणि बायकोला म्हणाला की दुसऱ्या एका गावातल्या संस्थेत दोन वर्षांचं काम मिळेल, तिथल्या प्रमुख बाईंनी गुरुवारची हकिकत ऐकून स्वतःहून विचारलंय. पेट्या माळ्यावरच आहेत, आणि तुझं दुकानाचं मला फार वाईट वाटतं. हे शेवटचं त्याने येताना वाटेत जुळवलं होतं. गेले चार दिवस आपण हिचं घर पणाला लावतोय या विचाराने त्याला नीट झोप नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या न झोपण्याचा त्याला थोडा आधारही वाटत होता. आपण दिलं तर काहीतरी मोठं दिलं, असा.

बायकोने पत्र वाचलं, घडी करून पाकिटात घातलं.

“मी येत नाहीये,” ती म्हणाली. “मालकांना मी हो सांगितलंय.”

“कधी?”

“सोमवारी.”

सोमवार म्हणजे ठिपक्यांचा दिवस. तो नकाशा उघडत होता तेव्हा, किंवा त्याच्याही आधी, सकाळी. म्हणजे समितीने मान डोलावली काय, न डोलावली काय, ती इथेच राहणार होती. त्याने खुर्ची ओढली आणि बसला. विचारलं का नाहीस, असं तोंडावर आलं होतं, ते त्याने गिळलं. ती म्हणाली, मंगळवारी सांगणार होते, पण तू तुझं सांगत होतास, आणि तुला ते नीट सांगू द्यायचं होतं. मी मधे बोलले असते तर माझ्यासाठी गप्प बसलास की माझ्यासाठी बोललास हे आयुष्यभर मला ऐकावं लागलं असतं. मग ती त्याच्या शेजारी येऊन बसली. मी तुला सोडत नाहीये रे, ती म्हणाली, फक्त सामान उचलत नाहीये. साडेचार तासांचा रस्ता आहे. रविवार असतो. त्याला रडू आलं नाही; आलं असतं तर बरं झालं असतं. फक्त मागे मागे सरत शरीर खुर्चीत उतरत गेलं, आणि तिने त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून, फुंकर मारून, पदराने पुसून पुन्हा जागेवर ठेवला. काचा स्वच्छच होत्या.

ऑगस्ट उलटला, तो त्या दुसऱ्या गावी गेला, त्याला आता तीन महिने झाले. शोधाचा पेपर छापून आला, त्यावर पहिलं नाव सरांचं, आणि आपलीच चूक जाहीर करण्याचं धैर्य दाखवल्याबद्दल त्यांचा दोन ठिकाणी गौरव झाला. कोरडीला तळटीप मिळाली. संस्थेची एक जागा वाचली. शंकाबाईंचे आभार शेवटच्या परिच्छेदात, तबकडीला ग्रीस लावणाऱ्यांच्या आणि संगणक विभागाच्या मधे. या चुकीचं जे देणं होतं त्यातला आपला वाटा त्यांनी सहा वर्षांपूर्वीच, कुणी मागायच्या आधी, भरून टाकला होता. राहिलेलं त्याने आणि बायकोने वाटून घेतलं. एक रविवार तिने यायचं, एक रविवार त्याने जायचं. तेरा रविवार झाले. दुकानात माल मोजायचा होता म्हणून एक बुडाला, ती सात वेळा आली, तो पाच वेळा गेला. त्याच्याकडून एक रविवार येणं आहे.